उघाडीपाड्याच्या डीपीची गळती

एक्केचाळीस टक्के

केळी वाळवायच्या मशीनवर चादर घातल्याला सात महिने झाले, तेव्हा विनयाताईंनी त्या चादरीवर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली आणि त्यांच्या नवऱ्याला, आत्मारामभाऊंना, धोका कळला. घरातल्या एखाद्या वस्तूवर इस्त्रीचे कपडे चढले, की ती वस्तू यंत्र राहत नाही. ती फर्निचर होते. आणि हे फर्निचर विनयाताईंनी बालवाडीतून निवृत्त होताना हातात आलेल्या सगळ्या पैशांचं आणलं होतं.

विनयाताईंचं माहेर आगाशीचं. राजेळी केळी सोलून, उन्हात आठ दिवस वाळवून सुकेळी करायची, हा त्यांच्या आईचा हात. मशीन आलं तर ऊन नको, आठ दिवस नकोत, पावसाळ्यातही सुकेळी. हिशेब चोख होता. फक्त मशीनला दोनशेच्या वर व्होल्टेज लागायचं, आणि उघाडीपाड्यात यायचं एकशे साठ. मशीन सुरू केलं की ते एकदा हुंकार देई, मग त्याचा लाल दिवा लागे आणि ते गप्प बसे. दुकानदार म्हणाला, मशीन उत्तम आहे. ते खरंच होतं. कामणच्या गोडाऊनवाल्या रस्त्यावर ते व्यवस्थित चालवून दाखवलं होतं त्याने.

"अहो, तुम्ही सरकारी नोकरीत होतात ना?" एवढंच विनयाताई म्हणाल्या.

होते. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात. किलोच्या वजनात बारा ग्रॅम कमी भरले म्हणून आत्मारामभाऊंनी वसईच्या बाजारातला एक काटा जप्त केला होता आणि त्या दिवशी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या. असा माणूस वीज कंपनीच्या ऑफिसात गेला.

तिथे सहायक अभियंता उन्नती मॅडम होत्या. वय तिशीच्या आत, टेबलावर फायली छातीपर्यंत. पाड्यातल्या विजेच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, भार फार झालाय, मोठी डीपी द्या, असा अर्ज भाऊंनी पुढे केला. मॅडमनी अर्ज न वाचता कॉम्प्युटरची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"तुमच्या डीपीचा लॉस एक्केचाळीस टक्के आहे, सर."

"म्हणजे?"

"आम्ही डीपीत शंभर युनिट पाठवतो. बिल एकोणसाठचं होतं."

"आणि एक्केचाळीस?"

"तेच तर."

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. व्होल्टेज, मशीन, विनयाताई, सगळं क्षणभर बाजूला गेलं. शंभरात एक्केचाळीस! बारा ग्रॅमवर काटा जप्त करणाऱ्या माणसाच्या घराबाहेर हे रोज चालू होतं आणि त्याला पत्ता नव्हता. "पण जातात कुठे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. लहान मूल रेडिओच्या मागे वाकून बघतं, तसा तो आवाज होता.

मॅडम म्हणाल्या, नियम साधा आहे. एक महिना लॉस पंधरा टक्क्यांच्या आत आणा, मोठी डीपी मिळेल.

"आधी तुम्ही नीट वीज द्या, मग लोक बिल भरतील."

"आधी लोकांनी बिल भरलं, तर नीट वीज देता येईल. पाठवलेल्या विजेचे पैसेच परत येत नाहीत, सर. कंपनी नवी डीपी आणणार कशातून?"

"मग सुरुवात कोणी करायची?"

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. भाऊंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.


तेहतीस टक्के

उघाडीपाडा म्हणजे चोपन्न मीटर, एक मंदिर, एक क्रूस आणि खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधलेली ती उघाडी, जिच्यावरून नाव पडलं. भाऊंनी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर स्वतःच्या मीटरची परीक्षा लिहिली: शंभर वॉटचा बल्ब, दहा तास, एकशे साठ व्होल्टला हिशेबाने सत्तावन्न शतांश युनिट. मीटर अचूक निघाला. बघायला कोणी नव्हतं, ही एकच खंत.

मग कंपनीचा वायरमन हितेश याला घेऊन ते आकडे मोजायला निघाले. आकडा म्हणजे खांबावरच्या उघड्या तारेवर बांबूने अडकवलेली आपली वायर. एकदा अडकली की मीटरला काही कळत नाही.

"काका, मी मोजणार नाही हां," हितेश म्हणाला. "मला इथेच रोज यायचंय. तुम्ही मोजा, मी वर बघत नाही."

पहिल्या फेरीत एकोणीस आकडे निघाले. त्यांतले चार एकट्या नथूचे. नथू आणि त्याची बायको कमळी समोरच्याच घरात राहत. एक आकडा भाताच्या शेतातल्या पंपाला, एक गोठ्याला, एक अंगणातल्या दिव्याला, आणि चौथा कुठे नि कशाला, ते नथूलाही आठवेना.

"भाऊ, ही चोरी नाय," नथूने खाटेवरूनच समजावलं. "खांब कोनाच्या शेतात उभा हाय? माझ्या. तीस वर्सं उभा हाय. भाडं दिलं कोनी? मी त्याच भाड्यात पानी ओढतो."

भाऊंनी वहीत लिहिलं: *खांबाचे भाडे. मुद्दा तपासणे.* कारण मुद्दा खरंच चुकीचा वाटेना.

सल्ले सगळीकडून आले. एकाने सांगितलं, घरोघर फोटो काढून ग्रूपवर टाका. दुसऱ्याने सांगितलं, फोटो काढलात तर तुमचाच फोटो टाकू. तिसरा म्हणाला, या वयात माणसाने तीर्थाला जावं. भाऊंनी तिघांचे आभार मानले आणि घरोघर एकच वाक्य सांगत फिरले: "तुमच्या घरी संध्याकाळी पंखा जीव गेल्यासारखा फिरतो ना? त्याचं कारण तुमच्याच मागच्या दाराला लटकलंय."

दोन आठवड्यांत अकरा आकडे उतरले. नथूनेही तीन उतरवले, आणि खांबाच्या भाड्याचा अर्ज भाऊंनी कंपनीला लिहून द्यायचा या अटीवर शेतपंपाला रीतसर मीटर घेतला. अर्जाचं उत्तर अजून यायचंय. चौथा आकडा सापडेना.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. पाड्यातले पंखे जोर धरू लागले. कमळीकडे एकशे ऐंशी भरलं. भाऊंकडे मात्र एकशे साठच्या वर व्होल्टमीटरचा काटा हलेना.

"आपलं घर टोकाला आहे," भाऊंनी विनयाताईंना शास्त्र सांगितलं. "टोकाला उशिरा पोचतं."

"पोचेल ना पण?" विनयाताईंनी चादरीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले. भाऊंना ते फार मोठं प्रशस्तिपत्रक वाटलं.


एकोणीस टक्के

अर्जदाराचे संपूर्ण नाव: __________
(मीटरच्या अर्जात इथे मंदिराचं नाव लिहिलं. अर्ज परत आला. देवाचं संपूर्ण नाव चालत नाही.)

जन्मतारीख: __________
(पुजाऱ्याने तिथी सांगितली. साल विचारल्यावर तो रागावला.)

आधार क्रमांक: __________

जागेच्या मालकीचा पुरावा: __________
("गावाला विचारा.")

मंदिराचा दिवा आणि नाक्यावरच्या क्रूसाची रोषणाई, दोन्ही कैक वर्षं आकड्यावर होती. त्यात कोणाचीच चोरी नव्हती, कारण ती कोणाच्या घरची वीज नव्हती. पाड्यात या विषयावर बोलायचं नसतं, हे भाऊंना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"देवाच्या दिव्याला मीटर लावाल?" मंदिर कमिटीने विचारलं. "उद्या समईतलं तेल मोजाल."

भाऊंच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं.

कोंडी फोडली प्रिस्काबायने. क्रूसाची झाडलोट आणि मे महिन्यातली प्रार्थना तिच्याकडे असे. तिने भाऊंचं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, "माझ्या नावावर घाल रे मीटर. क्रूस माझ्या कंपाउंडला लागून आहे. जिझसने कुणाचं कायतरी फुकट घेतलं, असं आमच्या पुस्तकात कुठे नाय लिहिलेलं."

क्रूसाला मीटर लागला सोमवारी. शिवाय प्रिस्काबायने त्यावर छोटं पत्र्याचं छप्पर करून निळा रंग दिला. मंदिर कमिटीची तातडीची सभा बुधवारी भरली आणि शुक्रवारी मंदिराला मीटर लागला, अध्यक्षांच्या नावावर, भगव्या रंगाच्या छपरासकट. दोन्ही छपरांच्या मापात आत्मारामभाऊंना सव्वा इंचाचा फरक आढळला. कोणाचं मोठं, हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.


सोळा टक्के

आणि मग हळद आली.

नथू-कमळीच्या रोशनीचं लग्न ठरलं होतं, मुलगा कामणचा. आता लग्न एक वेळ साधं होईल, पण आदल्या संध्याकाळची हळद साधी होत नाही. मांडव, लायटिंग, डीजे, हजार माणसं. आणि मांडवाची वीज खांबावरून घ्यायची, ही रीत. एका हळदीत महिन्याची सगळी मेहनत वाहून जाणार होती. भाऊंनी वहीत आकडेमोड केली आणि हळद पुढच्या महिन्यात ढकलता येईल का, असं नथूला विचारलं.

नथूने खाटेवरून पाय खाली घेतले. "भाऊ, तुमच्या शब्दाखातर मी पंपाला मीटर लावला. आता पोरीची हलद मीटरवर मोजू? गल्लीत लोक काय म्हंतील? नथूने पोरीला युनिट मोजून हलद लावली!"

भाऊ अपमान गिळून घरी आले. तो गिळायला त्यांना दोन कप चहा लागला. दुसऱ्या दिवशी विनयाताई कमळीकडे लग्नाचे पापड लाटायला गेल्या आणि पापड लाटता लाटता सहज म्हणाल्या, "आकड्यावर भार पडला की वायर जळते म्हणे. डीजे ऐन रंगात आला आणि काळोख झाला, तर कामणचे व्याही काय म्हणतील गं?"

कमळीचं लाटणं थांबलं.

"वयनी, मंग काय करतात?"

"तात्पुरतं कनेक्शन देतात. वेगळा मीटर, वेगळी वायर. मोठ्या लोकांत तसंच असतं."

त्या संध्याकाळी नथू स्वतः भाऊंकडे आला. "त्या मोठ्या लोकांचा फॉर्म कुठं भेटतो?"

पत्रिका छापून आली तेव्हा खाली, डीजेच्या नावानंतर, ठळक ओळ होती: *हळदी समारंभास अधिकृत स्वतंत्र वीजजोडणी.* पुढच्या तीन महिन्यांत पाड्यात ज्या तीन हळदी होत्या, त्या तिन्ही घरांतून फॉर्मची मागणी आली. आणि मांडव घालताना, खड्डा खणता खणता, नथूचा चौथा आकडा सापडला. तो जुन्या विहिरीवरच्या पंपाला होता. पंप कैक वर्षांपूर्वी विकला होता. वायर चिखलात उघडी पडून एकटीच वीज पीत होती. तीही उतरवली, आणि पाड्यात एकही आकडा उरला नाही.


उणे सहा टक्के

महिना संपला. उन्नती मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"डीपीत गेले साडेचार हजार युनिट," त्या म्हणाल्या. "बिल झालं चार हजार सातशे सत्तरचं."

"म्हणजे लॉस..."

"उणे सहा टक्के. तुमच्या पाड्याने कंपनीने दिली त्यापेक्षा जास्त वीज विकत घेतली आहे, सर."

आत्मारामभाऊंचा चेहरा उजळला. एकतीस वर्षांत त्यांनी कमी भरलेला माल खूप पाहिला होता. जास्त भरलेला कधीच नाही. "पण ही येते कुठून?"

"ते मला माहीत नाही. पण कॉम्प्युटर उणे आकडा घेत नाही. शून्य ते पंधरा, एवढीच खिडकी आहे. फाइल 'संशयास्पद' म्हणून परत येणार."

"मग करायचं काय?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "थोडासा लॉस झाला असता, तर बरं झालं असतं."

पाड्यात बातमी पसरली आणि तर्कांना पूर आला. कमळी म्हणाली, खाडीचा वारा तारांना घासतो, त्यातून बनत असेल. मंदिर कमिटीने श्रेय मंदिराकडे घेतलं. प्रिस्काबायने निळ्या छपराला दुसरा हात मारला. भाऊंना रात्री झोप येईना, चिंतेने नव्हे, कुतूहलाने. पण चादरीकडे लक्ष गेलं, की चिंताही यायची.

शेवटी ते नथूकडे गेले. घसा साफ केला. एकदा अंगणात फेरी मारली.

"नथू, एक विचारायचं होतं. समजा... फक्त एक महिना... फार नाही, तीनशे-चारशे युनिट... तुझा तो आकडा..."

नथू त्यांच्याकडे असा पाहू लागला, जसं प्रिस्काबायने त्याला क्रूस विकायला काढलाय म्हणून सांगावं.

"भाऊ! तुम्ही? पत्रिकेवर छापलंय मी! कामणचे व्याही मला आता 'अधिकृत' म्हनून हाक मारतात!"

भाऊ आणखी तीन घरी गेले. तिन्ही घरी त्यांना प्रामाणिकपणावर व्याख्यान ऐकावं लागलं, आणि तिन्ही व्याख्यानांतली वाक्यं त्यांचीच होती.


सात टक्के

उन्नती मॅडम स्वतः पाड्यात आल्या. म्हणाल्या, वीज आकाशातून येत नाही, कागदातून येते. या डीपीच्या यादीत काही घरं अशी असणार, ज्यांची वायर प्रत्यक्षात दुसऱ्याच डीपीवरून येते. वीज तिकडची जाते, बिल इकडे मोजलं जातं. एवढे दिवस आकड्यांच्या गळतीत ते झाकलेलं होतं. आता गळती बंद झाली, तसं उघडं पडलं.

"शोधायचं सोपं आहे. हितेश, ही डीपी बंद कर. ज्याच्या घरी वीज राहील, तो आपला नाही."

भरदुपारी डीपी बंद झाली. नथूचा पंखा थांबला. प्रिस्काबायचा मिक्सर थांबला. पाडाभर माणसं वारा घालत अंगणात आली. भाऊ वही घेऊन दारात उभे होते, घामाने भिजलेल्यांची नावं टिपत. टिपता टिपता पानं फडफडू लागली म्हणून त्यांनी वहीवर हात ठेवला.

"भाऊ," कमळी म्हणाली, "तुमचा पंखा फिरतोय."

भाऊंनी मागे वळून पाहिलं. पंखा फिरत होता. एकशे साठ व्होल्टवर, रडतरडत, पण फिरत होता. आजवर पाड्याचा फ्यूज उडाला आणि आपल्याकडे दिवा राहिला, की ते विनयाताईंना सांगत, वेळेवर बिल भरणाऱ्यांची कंपनी अशी दखल घेते.

भाऊंचं धरून अशी घरं अकरा निघाली, सगळी बंदराकडच्या बाजूची. मॅडमनी ती अकरा घरं कागदावरून उचलली आणि बंदराकडच्या डीपीच्या यादीत नेऊन ठेवली. उघाडीपाड्याचा लॉस झाला सात टक्के. कॉम्प्युटरने खिडकी उघडली. मोठी डीपी मंजूर झाली.


बावन्न टक्के

हा बंदराकडच्या डीपीचा लॉस.

नवी डीपी ट्रकवरून आली, तिला हार घातला, नारळ भाऊंच्याच हातून फोडला. उन्नती मॅडमनी टाळ्या वाजवल्या. कमळीच्या ओटीवर व्होल्टेज भरलं दोनशे पंचवीस. भाऊंच्या घरी एकशे साठ.

माझी वायर नव्या डीपीवर हलवा, असा अर्ज भाऊंनी त्याच दिवशी दिला. मॅडमना मनापासून वाईट वाटलं. पण नियम होता: ज्या डीपीवरून ग्राहक हलणार, तिचा लॉस पंधरा टक्क्यांच्या आत असावा.

"हा नियम कोणी केला?"

"लॉसवाल्या डीपीवरून सगळे चांगले ग्राहक पळून जाऊ नयेत म्हणून केला असावा, सर. तिथे बिल भरणारे तुम्हीच आहात."

दोन दिवस विनयाताईंनी चादरीवर पुन्हा इस्त्रीचे कपडे ठेवले. त्यांनी सगळ्या पाड्याला मोठी डीपी मिळताना पाहिली होती, आपल्या नवऱ्याच्या वहीतून. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या, मशीनवरची चादर काढून तिची घडी घातली आणि समोर जाऊन कमळीशी पाच मिनिटं बोलल्या. नथू हातगाडी घेऊन आला.

"कुठे?" भाऊंनी विचारलं.

"कमळीच्या ओटीवर. मशीन माझं, ओटी तिची, केळी दोघींची. वेगळा मीटर लावून घेतोय, तिच्या नावावर." पदर खोचत त्या म्हणाल्या, "येताय ढकलायला?"

भाऊ आले. मशीन जड होतं. नथू पुढून ओढत होता, भाऊ मागून ढकलत होते, विनयाताई बाजूने मशीनला हात लावून चालत होत्या. रस्त्याच्या मध्यावर आल्यावर भाऊंची नजर वर गेली. बंदराकडच्या खांबावरून एक काळी वायर निघाली होती आणि सरळ करवंदीच्या जाळीत घुसली होती. त्या जाळीमागे घर नव्हतं. शेत नव्हतं. काहीच नव्हतं.

"नथू, ही वायर कोणाची रे?"

"भाऊ, हात सोडू नका! पुढं उतार हाय!"

पण भाऊंचे हात सुटलेच होते. विनयाताईंनी मागे न बघता दोन्ही हात गाडीला लावले.

"ओढा हो नथूभाऊ. त्यांना राहू दे तिथेच, बावन्न टक्क्यांत."

गाडी उतारावरून नव्या डीपीखालून पलीकडे गेली. थोड्या वेळाने कमळीच्या ओटीवर मशीनने हुंकार दिला आणि या वेळी तो थांबला नाही. पण तोपर्यंत आत्मारामभाऊ मान वर करून करवंदीच्या जाळीत कमरेपर्यंत शिरले होते, त्या वायरीचं दुसरं टोक शोधत.